दहा पिवळ्या फरश्या

बोर्ड लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आमच्या कुत्र्याला घेऊन त्या बोर्डाखालून गेले. ‘या पायवाटेवर कुत्र्यांना सक्त मनाई आहे’ असं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. आमच्या कुत्र्याचे दोन्ही डोळे गेलेत, त्यामुळे त्याने काही ते वाचलं नाही. मी मात्र चांगलं दोनदा वाचलं आणि त्याला म्हणाले, “चल.”

कुत्र्याचं नाव मुकादम. बारा वर्षांपूर्वी कालव्याकाठची ही पायवाट बांधली जात होती, तेव्हा हे एवढंसं पिल्लू कुठून तरी आलं आणि वाळूच्या ढिगावर बसून दिवसभर आमच्या कामावर नजर ठेवू लागलं. स्वतः काडीचं काम करायचं नाही आणि दुसऱ्याचं थांबलं की भुंकायचं. नाव त्याने स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं. काम संपलं, मजूर पांगले, आणि मुकादम आमच्या मागोमाग घरी आला तो आलाच.

आमच्या म्हणजे मिस्त्रींच्या आणि माझ्या. मिस्त्री माझा नवरा. त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नाही असं लोक म्हणायचे, आणि मिस्त्री कधी नाही म्हणायचे नाहीत. मी तेवीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. माल कालवायचा, फरश्या उचलून द्यायच्या, सांधे पुसायचे. हजेरीच्या कागदावर माझ्यापुढे ‘मदतनीस’ असं लिहिलेलं असायचं. तेवीस वर्षं एखाद्याच्या हाताकडे बघितलं की आपल्या हाताला ते काम येतंच, त्यात मोठंसं काही नाही. पण बाई फरशी बसवते म्हटलं की समोरचा माणूस आधी लेव्हलची पट्टी मागायचा. म्हणून आम्ही ते म्हणतच नव्हतो.

पायवाटेच्या मधोमध अंधांसाठी पिवळ्या फरश्यांची पट्टी बसवायची होती. फरश्या दोन तऱ्हेच्या आल्या होत्या. काहींवर लांब उंच रेघा, काहींवर गोल ठिपके. का, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. नकाशात जिथे जे असेल तिथे ते बसवायचं.

पायऱ्यांपाशी पोचलो आणि मिस्त्री तापाने फणफणले. त्या ठिकाणी पायवाट डावीकडे वळते आणि समोर दगडी पायऱ्या थेट कालव्यात उतरतात. ठेकेदाराला ताप कळला असता तर काम हातचं गेलं असतं. म्हणून मिस्त्री चार दिवस सामानाच्या खोलीत पांघरूण घेऊन पडून राहिले आणि चाळीस पावलांचा तो तुकडा मी एकटीने बसवला. नकाशात तिथे रेघांची पट्टी मध्येच तोडून वळणावर चार आणि पायरीच्या आधी सहा, अशा दहा ठिपक्यांच्या फरश्या दाखवल्या होत्या. ते बघून मला कसंसंच झालं. पट्टी तुटता कामा नये, हे मिस्त्रींनी मला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. मला वाटलं, रेघांच्या फरश्या कमी पडतील या भीतीने कचेरीतल्या कोणीतरी ठिपक्यांच्या घुसडल्या असणार. माझ्याकडे तर रेघांच्या भरपूर होत्या! मी पट्टी अखंड, दोरीत, पायरीच्या काठापर्यंत नेली आणि डावीकडे वळणारी पट्टी तिला बाजूने जोडून दिली. उरलेल्या दहा ठिपकेदार फरश्या अलीकडच्या एका कोवळ्या झाडाभोवती चौकट करून बसवून टाकल्या. दिसायलाही फार गोड दिसलं ते.

ताप उतरल्यावर मिस्त्री आले, वाकले, पट्टीवरून तळहात फिरवला आणि काहीच बोलले नाहीत. त्यांचं काही न बोलणं म्हणजे शंभरपैकी शंभर. नकाशा त्यांनीही परत उघडला नाही. उद्घाटनाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी नेमका तोच तुकडा दाखवून मिस्त्रींची पाठ थोपटली. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच म्हणाले, राहू दे. पुढे तो तुकडा माझा आहे हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मिस्त्री गेल्यावर मला एकटीलाच.

मुकादमाचे डोळे गेल्या वर्षी गेले. जनावरांच्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणाले, वय झालंय, आता ऑपरेशन नको. आठ दिवस तो दाराशी तोंड पाडून बसून होता. नवव्या दिवशी मी त्याला पायवाटेवर नेलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने पाय आपटत आपटत पिवळी पट्टी शोधून काढली. पंजे रेघांवर, नाक खाली, आणि निघाला की साहेब आपला तरातरा! मला इतका आनंद झाला की मी रस्त्यात मोठ्याने हसले. माझ्या हातच्या रेघांवरून माझा कुत्रा चालत होता. त्या वर्षात मी जितकी ताठ मानेने फिरले तितकी आयुष्यात कधी फिरले नव्हते.

मग ती सकाळ आली. पायऱ्यांच्या अलीकडे माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी खाली बसले आणि साखळी क्षणभर हातातून सोडली. मुकादम पट्टीवर होता, मला कसली काळजी! वर बघते तर तो वळणावर न वळता सरळ चाललेला. रोज तिथे माझी साखळीच त्याला वळवत होती. मी हाक मारेपर्यंत पायऱ्यांवरून कोलमडत तो पाण्यात पडलाही. मी तशीच कपड्यांनिशी छातीभर पाण्यात उतरले. पायवाटेवरचा पहारेकरी धावत आला, त्याने आधी कुत्र्याला ओढलं आणि मग मला. चांगला माणूस आहे तो, फक्त त्याला शिट्टी जरा जास्त वाजवायला आवडते.

अलीकडच्या झाडाखाली बाकावर ऑपरेटर बसला होता. हा जवळच्या इस्पितळात टेलिफोनवर बसतो. जन्मापासून आंधळा आहे, आणि रोज कामावर जाण्याआधी पुलापासून या बाकापर्यंत एक फेरी मारतो. आमची नुसती तोंडओळख होती. मी ओल्या कुत्र्याला घेऊन बाकावर टेकले तेव्हा तो म्हणाला, “मावशी, तो पट्टीवरूनच गेला ना? सरळ?”

“हो रे बाबा. पट्टीवरूनच.”

“मग तिथे ठिपके नाहीत वाटतं.”

“कसले ठिपके?”

तेव्हा त्याने मला सांगितलं. रेघा म्हणजे चालत राहा. ठिपके म्हणजे थांब, पुढे वळण आहे किंवा पायरी आहे, आधी चाचपून बघ. सगळ्या जगात हेच आहे म्हणाला. “आणि या झाडाभोवती बघा, चारी बाजूंनी थांब, थांब, थांब! इथे थांबून करायचं काय, झाडाशी गप्पा? ज्याने कोणी बसवलं तो नक्की पिऊन आला असणार.”

मी पिऊन आले नव्हते. पूर्ण शुद्धीत, लेव्हल लावून, जीव ओतून केलं होतं, आणि तेच जिव्हारी लागलं. बारा वर्षं ज्या तुकड्यावरून जाताना माझी छाती फुगायची, तो तुकडा आंधळ्या माणसाला सांगत होता की चल बाबा, सरळ पाण्यात चल.

“तू पायऱ्यांकडे कधी गेला नाहीस?” मी विचारलं.

“आजवर काम पडलं नाही. एक तारखेपासून पडणार. इस्पितळ वळणाच्या पलीकडच्या नव्या इमारतीत जातंय.” मग माझा चेहरा दिसल्यासारखा म्हणाला, “माझी काळजी करू नका, तुम्ही सांगितलंत, मी पावलं मोजून ठेवीन. पण तिथे डोळ्यांचा विभागही येतोय, मावशी. ज्यांची नजर परवाच गेली ते येणार या वाटेने. त्यांना कोण सांगणार?”

मी त्याच दिवशी कचेरीत गेले. अभियंता साहेबांचा सगळा वेळ फायलींत जातो. त्यांनी फाईल उघडली, नकाशा काढला, आणि बोट ठेवलं तिथे चार आणि सहा ठिपके स्पष्ट काढलेले होते. साहेबांचा रंग उतरला. काम तपासून बरोबर असल्याची सही खाली त्यांचीच होती.

“दहाच फरश्या आहेत, साहेब,” मी म्हणाले. “एका सकाळचं काम. तिथेच झाडाभोवती पडल्याही आहेत.”

“असं करता येत नाही, बाई. दुरुस्ती करायची म्हणजे चूक होती असं आधी लिहावं लागेल. चूक होती म्हणजे चौकशी. चौकशी म्हणजे मिस्त्रींचं नाव येणार. गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करता?”

“मिस्त्रींनी केलंच नव्हतं ते. मी केलं.”

साहेब हसले. चिडून हसले असते तरी चाललं असतं, पण ते समजूत काढल्यासारखे हसले. “हजेरीत तुम्ही मदतनीस आहात,” ते म्हणाले. “उगाच नवऱ्याची चूक अंगावर घेऊ नका. कुत्रा पडला त्याचं मी बघतो.”

आणि त्यांनी बघितलं ते असं. आठवड्याच्या आत बोर्ड लागला. मी फरश्यांची तक्रार घेऊन गेले आणि कुत्र्याची बंदी घेऊन परत आले. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

म्हणून मी मुकादमाला रोज त्या बोर्डाखालून न्यायला लागले. पहारेकरी शिट्टी वाजवायचा, मी म्हणायचे, “वाजव, छान वाजवतोस.” झाडापाशी जाऊन मी मुकादमाचे पंजे ठिपक्यांवर ठेवायचे आणि म्हणायचे, “थांब.” रेघांवर आणायचे आणि म्हणायचे, “चल.” म्हातारं कुत्रं, त्यात आंधळं, पण चौथ्या दिवशी ठिपके पायाला लागले की आपणहून उभं राहायला लागलं. बारा वर्षांत मला जे कळलं नाही ते याला चार दिवसांत कळलं होतं.

माझ्या मुलाचं फरश्यांचं दुकान आहे. त्याला मी सगळं सांगितलं आणि चूक केली. तो दुकानातच डोकं धरून बसला.

“आई, दुकानावर पाटी बाबांच्या नावाची आहे. लोक त्या नावावर येतात. आणि तू गावभर सांगत सुटणार की बाबांनी आंधळ्यांची वाट पाण्यात नेली?”

“बाबांनी नाही. मी.”

“हे कोण ऐकणार? ज्याला त्याला बाबांचंच काम वाटतंय. सगळे म्हणतील, नवऱ्याला वाचवायला बाई खोटं बोलतेय.”

हे मला सुचलंच नव्हतं, आणि ते खरं होतं. माझी स्वतःची एक चूक, तीसुद्धा मला कोणी माझ्या नावावर घेऊ देईना! मी उठले. त्याच्या गोदामातून केमिकलची एक पिशवी उचलली. फरशी चिकटवायचं हे नवं केमिकल चार तासांत धरतं, आमच्या वेळच्या सिमेंटला दिवस लागायचा. मुलाने विचारलं, “कशाला?” मी म्हणाले, “न्हाणीघरातली एक फरशी हलतेय.” त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

रविवारी महिन्याची शेवटची तारीख होती. चांगलं उजाडल्यावर मी गेले. अंधारात जाऊन गुपचूप करता आलं असतं, पण मी काही चोरी करायला चालले नव्हते. मिस्त्रींची पिशवी बरोबर होती. छिन्नी, थापी, रबरी हातोडा, दोरी, लेव्हलची पट्टी. दुसऱ्या हातात मुकादमाची साखळी. वाटेवर पळणारे, चालणारे, सायकलवाले, सगळं गाव होतं.

आधी झाड. कोवळं झाड आता चांगलं वयात आलं होतं, मुळांनी फरश्या खालून उचलून धरल्या होत्या. नऊ अलगद हातात आल्या, जशा काही माझी वाटच बघत होत्या. दहावीत मूळ शिरलेलं होतं. मी जपून ओढली तरी तिचे दोन तुकडे झाले. नऊ तर नऊ, म्हटलं, पुढचं पुढे बघू.

मग वळणावर गुडघे टेकून बसले आणि माझ्याच रेघा फोडायला लागले. काय घट्ट बसवल्या होत्या मेल्या! छिन्नीचा एकेक घाव मनगटात घुमत होता आणि फरशी म्हणत होती, नाही उठत जा. माझंच काम मला दाद देईना. राग येत होता आणि त्यातच अभिमानही वाटत होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. दहा फरश्या उपटायला मला पावणेदोन तास लागले.

पहारेकरी आला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग खड्ड्याकडे, मग मुकादमाकडे. यातलं त्याला फक्त कुत्र्याचं माहीत होतं, म्हणून तो म्हणाला, “मावशी, कुत्रा.”

“तो कामावर आहे. मुकादम आहे तो.”

“मला साहेबांना फोन करावा लागेल.”

“कर की. पण माझा अर्ध्या तासाचा माल कालवून झालाय. सावकाश कर.”

तो फोन करायला चांगला पुलापर्यंत चालत गेला. जवळ उभं राहिलं तरी फोन लागतो, हे त्याला काय माहीत नव्हतं?

साहेब आले तेव्हा माझ्या नऊ फरश्या बसल्या होत्या. पायरीच्या आधी सहा, वळणावर तीन, आणि एका फरशीएवढं चौकोनी भोक. भोवती मी दोरी बांधली होती. साहेबांचे केस ओले होते आणि शर्टाची बटणं चुकलेली होती. भोवती दहा-पंधरा माणसं जमलेली.

“कोणाच्या परवानगीने?” साहेब ओरडले.

“तुमच्याच. बारा वर्षांपूर्वी दिली होतीत, नकाशावर सही करून. काम नकाशाबरहुकूम झालं नव्हतं, ते आज पुरं करतेय.”

“ही सरकारी मालमत्तेची नासधूस आहे! काढा त्या फरश्या.” हे ते पहारेकऱ्याला म्हणाले. “ओल्या आहेत तोवर निघतील. काढा!”

पहारेकरी दोन पावलं पुढे आला आणि थांबला. म्हणाला, “साहेब, मला हुकूम फक्त कुत्र्यांचा आहे. फरश्यांचं मला काही सांगितलेलं नाही.”

कोणीतरी हसलं. साहेब स्वतःच दोरी ओलांडायला निघाले, तेव्हा मी त्यांच्या आणि फरश्यांच्या मध्ये जाऊन खाली मांडी ठोकली. मुकादम माझ्या गुडघ्याला टेकून बसला. त्याने साहेबांच्या बुटांचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

“दहाला शेवटची बसली,” मी म्हणाले. “दोन वाजेपर्यंत मी इथून उठत नाही. दोननंतर तुम्हाला वाटलं तर पहार आणा, माणसं आणा, आणि या सगळ्यांसमोर आंधळ्यांची फरशी उखडून दाखवा.”

साहेबांनी माझ्या मुलाला फोन लावला. मी घाबरले ती तेवढ्यानेच. साहेबांपुढे मी शंभर वेळा बसले असते. मुलाला काय सांगायचं, ते मला माहीत नव्हतं.

तो वीस मिनिटांत आला. गाडी पुलापाशी लावून चालत आला, अगदी मिस्त्रींच्या चालीने, डावा खांदा जरा पुढे. साहेब त्याला म्हणाले, “समजवा यांना. वडिलांच्या नावाचा तरी विचार करा म्हणावं.”

“आई, ऊठ,” तो म्हणाला.

“नाही उठत. ऐक. या तुकड्याचं कौतुक झालं, ते तुझ्या बाबांच्या नावावर गेलं. मी जाऊ दिलं. मला वाईट वाटलं, पण जाऊ दिलं. आता चूक निघाली तर तीही त्यांच्या नावावर? ते तापाने पडलेले असताना? नाही. ही चूक माझी आहे. माझ्या हातची आहे. आयुष्यात एक काम मी एकटीने केलं, ते चुकलं, आणि ते दुरुस्तही मीच करणार. बाबांचं नाव पाटीवर चकचकीत राहू दे. मला माझं काम परत हवंय.”

एवढं लांबलचक मी मिस्त्रींसमोरही कधी बोलले नव्हते. मुलाने साहेबांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. फरश्यांकडे बघत होता. मग वळला आणि आला तसा चालत निघून गेला. मी मुकादमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडू गिळलं. लोकांसमोर रडायला मी तिथे बसले नव्हते.

साहेब बाकावर बसून कागद लिहायला लागले. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवला. “मयत मिस्त्री यांच्या पत्नीने भावनेच्या भरात...”

“थांबा,” मी म्हणाले. “भावनेच्या भरात केमिकल एवढं एकसारखं पसरत नाही. खोडा ते.”

“मग काय लिहू?”

“लिहा, हा तुकडा बारा वर्षांपूर्वी मी बसवला. नकाशा न समजता बसवला आणि चुकला. तपासणाऱ्यालाही समजला नाही. आज मी तो नीट केला. आणि नावापुढे मिस्त्री लिहा.”

“मिस्त्री तर तुमचे यजमान होते.”

“तेही होते.”

‘तपासणाऱ्यालाही’ हा शब्द साहेबांना गिळवत नव्हता, पण भोवती माणसं होती आणि दोघांनी मोबाइल वर धरले होते. त्यांनी लिहिलं. मी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली आणि सही केली.

साडेअकराच्या सुमाराला मुलगा परत आला. त्याच्या काखेत जुन्या पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने बूट काढले, दोरीच्या आत आला आणि माझ्यापुढे कागद उलगडला. पिवळी, ठिपक्यांची, कोरी करकरीत फरशी.

“दहावी,” तो म्हणाला. “सगळं गोदाम उलथंपालथं केलं.”

मी फरशी उन्हात धरली. “रंग जुळत नाही. ही लिंबासारखी पिवळी आहे.”

“आई!”

“नाही, चालेल. जुळत नाही एवढंच म्हटलं.”

त्याने भोक स्वच्छ केलं, मी माल लावला, दोघांनी मिळून फरशी ठेवली. रबरी हातोडा त्याने माझ्या हातात दिला. मी चार टोकांना चार ठोके दिले. मग तो वाकला, दहाही फरश्यांवरून तळहात फिरवला आणि काहीच बोलला नाही. या वेळी मला रडू आलं ते आलंच.

त्या एका फरशीसाठी आम्ही दोनच्या ऐवजी साडेतीनपर्यंत बसलो. पहारेकऱ्याने थर्मासमधून चहा आणला. साहेब जाताना थांबले, बुटाच्या टोकाने पहिली फरशी हलवून बघितली. ती ढिम्म हलली नाही. “कारवाई होईल,” ते म्हणाले. “होऊ द्या,” मी म्हणाले, आणि मला खरोखर काही वाटलं नाही.

साडेतीनला मी दोरी सोडली. मुकादमाला चाळीस पावलं मागे नेलं, पट्टीवर उभं केलं आणि साखळी हातातून सोडून दिली. या वेळी जाणूनबुजून. मुलाने माझा दंड धरला. मुकादम नाक खाली घालून निघाला, रेघांवरून, तरातरा, थेट वळणापर्यंत. पुढचे पंजे ठिपक्यांवर पडले आणि तो थांबला. उभा राहिला, कान मागे करून, माझी वाट बघत. कोणीही हाक मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एक तारीख. सकाळी मी बोर्डाखालून मुकादमाला घेऊन गेले आणि पायऱ्यांच्या बाजूला कठड्याला टेकून उभी राहिले. आदल्या संध्याकाळीच मी इस्पितळात फोन करून ऑपरेटरला सगळं सांगितलं होतं, तेव्हा त्याने बजावलं होतं, “मावशी, मी पावलं मोजणार नाहीये. आणि तुम्ही हाक मारायची नाही. हाक मारलीत तर मला कसं कळणार, मी फरशीमुळे थांबलो का तुमच्यामुळे?”

तो आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी, पांढरी काठी रेघांवरून सरकत होती. त्याच्या मागे हात-दीड हातावर एक म्हातारा होता, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यावर काळा चष्मा, ऑपरेटरच्या पिशवीचा पट्टा धरून चाललेला. बोलायचं नाही म्हणून मी दात ओठांवर दाबून धरले. मुकादमही गप्प होता.

ठिपक्यांवर काठी खडखडली. ऑपरेटर थांबला, म्हातारा थांबला. “ही थांबायची खूण,” ऑपरेटर त्याला म्हणाला. “पायाने बघा. समोर पाणी आहे, आपण डावीकडे.” म्हाताऱ्याने बूट पुढे-मागे घासून बघितला आणि मान हलवली. दोघं वळले.

चार पावलं गेल्यावर ऑपरेटर मान न वळवता म्हणाला, “मिस्त्री, वळणावरची एक फरशी नवी आहे का हो? पायाला टोचतेय.”

“झिजेल,” मी म्हणाले. “रोज येत जा.”